व्होडाफोन, केर्न आणि मागच्या तारखेचा कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुराष्ट्रीय कंपनी आपली रचना बदलायला घेते तेव्हा तिच्या वकिलांसमोर आणि सीएंसमोर पहिला प्रश्न असतो कराचा: किती, कुठे आणि कोणाला? सरकारही तोच प्रश्न विचारत असतं, पण दुसऱ्या बाजूने. भारतात या दोन बाजूंची सगळ्यात मोठी टक्कर व्होडाफोन आणि केर्न या प्रकरणांत झाली. २००७ मध्ये सुरू झालेलं हे भांडण २०२१ मध्ये संसदेत मिटलं. मधल्या काळात दोन आघाड्यांची सरकारं येऊन गेली. या विषयावर लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत जिथे आहे तिथे ते लपवलेलं नाही.

मुळात झालं काय? थोडक्यात सांगा.

२००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने हाँगकाँगच्या हचिसनचा भारतातला मोबाइल व्यवसाय विकत घेतला. व्यवहार भारताबाहेर झाला आणि त्यावर भारतात कर भरला गेला नाही. आयकर खात्याने व्होडाफोनकडे ११,२१८ कोटी रुपये मागितले. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी रद्द केली. दोन महिन्यांच्या आत तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कायदा बदलण्याचा प्रस्ताव आणला, आणि तो बदल थेट १ एप्रिल १९६२ पासून लागू केला. त्याच कायद्याच्या जोरावर पुढे एडिंबरोच्या केर्न एनर्जीकडे १०,२४७ कोटींचा कर मागितला गेला. दोन्ही कंपन्या आंतरराष्ट्रीय लवादात जिंकल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आपल्या मागण्या मागे घेतल्या.

एक शेअर विकून अख्खी मोबाइल कंपनी कशी विकता येते?

मुंबईकरांना मॅक्स टच आठवत असेल, मग ऑरेंज, मग हच. या सगळ्यांच्या मागे हचिसन एस्सार ही भारतीय कंपनी होती. तिच्यातला मोठा वाटा हाँगकाँगच्या हचिसन समूहाचा होता आणि साधारण एक तृतीयांश एस्सारच्या रुईयांचा. पण हचिसनने आपला वाटा थेट हातात ठेवलेला नव्हता. भारतीय कंपनीचे शेअर मॉरिशसमधल्या कंपन्यांकडे, त्या कंपन्यांवर आणखी कंपन्या, आणि सगळ्यात वर केमन बेटांवरची सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स अशी ती साखळी होती. सीजीपीचं भांडवल होतं फक्त एक शेअर.

११ फेब्रुवारी २००७ रोजी करार झाला आणि व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने तो एक शेअर सुमारे ११ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. व्यवहार पूर्ण झाल्यावरही मुंबईतल्या कंपनीच्या भागधारकांच्या नोंदवहीत काहीच बदललं नाही. कालपर्यंत ज्या मॉरिशस कंपन्यांची नावं तिथे होती तीच आजही होती. भारतात एकही शेअर हस्तांतरित झाला नाही. आणि तरीही टॉवर, परवाने, ग्राहक, सगळ्यावरचा ताबा हाँगकाँगहून ब्रिटनला गेला.

या प्रकरणाचा सगळा जीव इथे आहे. कागदाकडे पाहिलं तर केमनमधला एक शेअर विकला गेला. पैशाकडे पाहिलं तर भारतातला व्यवसाय विकला गेला, कारण ११ अब्ज डॉलर केमनमधल्या कागदासाठी कोणी देत नाही. कायद्याने कागद बघायचा की पैसा, एवढाच वाद होता.

विकलं हचिसनने, नफा हचिसनला झाला. मग कर व्होडाफोनकडे का मागितला?

अमेरिकेत राहणाऱ्या चुलतभावाकडून ज्यांनी पुण्यात फ्लॅट घेतला आहे त्यांना हे चटकन कळेल. विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या भांडवली नफ्यावरचा कर पैसे देतानाच कापून सरकारकडे भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९५ तेच सांगत होतं. कापला नाही, तर खातं घेणाऱ्याला धरतं, कारण विकणारा पैसे घेऊन परदेशी गेलेला असतो.

व्होडाफोनला सप्टेंबर २००७ मध्ये आलेली नोटीस याच तत्त्वावर होती: तुम्ही हचिसनला पैसे देताना कर कापायला हवा होता, कापला नाही, म्हणून आता तुम्ही भरा. व्होडाफोनचं म्हणणं असं की दोन परदेशी कंपन्यांनी परदेशातल्या कंपनीचा शेअर परदेशात विकला-घेतला, त्यात भारताचा कर येतोच कुठे, आणि नसलेला कर आम्ही कापायचा कसा?

न्यायालयांनी काय म्हटलं?

मुंबई उच्च न्यायालयात व्होडाफोन दोनदा हरली, डिसेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा ८ सप्टेंबर २०१० रोजी. दुसऱ्या वेळी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. पी. देवधर यांच्या खंडपीठाने पाहिलं की व्होडाफोनने त्या एका शेअरबरोबर भारतातले अनेक हक्कही विकत घेतले होते, म्हणून आयकर खात्याला हात घालायला जागा आहे.

२० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. सरन्यायाधीश सरोश कापडिया यांच्या पीठाचा निष्कर्ष असा की व्यवहार तुकड्यातुकड्याने न बघता एकत्र बघायला हवा. ही रचना वर्षानुवर्षं चालत आलेली होती, कर बुडवण्यासाठी ऐनवेळी उभी केलेली नव्हती, आणि परदेशी कंपनीच्या शेअरच्या अशा अप्रत्यक्ष हस्तांतरावर कर लावण्याची तरतूद त्या वेळच्या कायद्यात नव्हती. व्होडाफोनने भरलेले २,५०० कोटी रुपये ४ टक्के व्याजासह परत करा आणि ८,५०० कोटींची बँक हमी सोडा, असा आदेश झाला.

मला हा निकाल बरोबर वाटतो. अशा व्यवहारावर कर असायला हवा होता, हेही मला पटतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कर असावा की नसावा हे संसदेने ठरवायचं असतं आणि ते आधी ठरवायचं असतं. संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही.

सरकार हरलं, मग २०१२ मध्ये नेमकं काय केलं?

१६ मार्च २०१२ रोजी अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच्यासोबतच्या वित्त विधेयकात आयकर कायद्याच्या कलम ९ ला काही स्पष्टीकरणं जोडली होती. त्यांचा आशय असा: परदेशी कंपनीच्या शेअरची किंमत जर मुख्यतः भारतातल्या मालमत्तेमुळे असेल, तर तो शेअर भारतातच आहे असं मानलं जाईल. नवं कलम न आणता स्पष्टीकरण आणण्यामागे हिशेब होता. कायदा पहिल्यापासून असाच होता, फक्त आता उलगडून सांगतो आहोत, अशी भूमिका त्यातून घेता आली. म्हणून लागू होण्याची तारीख १ एप्रिल १९६२, म्हणजे आयकर कायदा अमलात आला तो दिवस. आधीच्या मागण्यांना न्यायालयाचा निकाल काहीही असला तरी वैध ठरवणारं वेगळं कलमही त्याच विधेयकात होतं.

तारखा लक्षात घ्या. सरकारची पुनर्विचार याचिका सर्वोच्च न्यायालयात अजून पडून होती. ती २० मार्चला फेटाळली गेली. कायदा बदलण्याचा प्रस्ताव त्याच्या चार दिवस आधी लोकसभेत आलेला होता.

असं मागे जाऊन कर लावण्याचा अधिकार संसदेला आहे का?

आहे. फौजदारी गुन्ह्याच्या बाबतीत संविधानाचा अनुच्छेद २० आडवा येतो: जे काल गुन्हा नव्हतं त्यासाठी आज शिक्षा करता येत नाही. कराला असं संरक्षण नाही. न्यायालयाला कायद्यात तांत्रिक चूक सापडली आणि संसदेने ती मागच्या तारखेने दुरुस्त केली, असं भारतात अनेकदा झालेलं आहे आणि न्यायालयांनी ते मान्य केलेलं आहे.

पण चूक दुरुस्त करणं वेगळं आणि पूर्वी नसलेला बोजा पन्नास वर्षं मागे जाऊन लादणं वेगळं. २०१२ मध्येच पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी करतज्ज्ञ पार्थसारथी शोम यांच्या समितीकडे हा विषय सोपवला. प्रणव मुखर्जी तोवर राष्ट्रपतिपदासाठी अर्थखात्यातून बाहेर पडलेले होते. समितीने सांगितलं की पूर्वलक्षी कर अगदी दुर्मिळ प्रसंगीच लावावा, आणि लावायचाच झाला तर ज्याला नफा झाला त्याच्याकडून घ्यावा, कर न कापणाऱ्याकडून नको. व्याज आणि दंडही नको. सरकारने हा सल्ला तेव्हा अमलात आणला असता तर पुढची नऊ वर्षं वाचली असती.

केर्नचं प्रकरण वेगळं कसं? तिथे तर बाहेरचा खरेदीदारच नव्हता.

म्हणूनच मला केर्नचं प्रकरण व्होडाफोनपेक्षा जास्त खटकतं.

केर्नला २००४ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ मंगला हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. २००६ मध्ये तिने भारतातला सगळा व्यवसाय एका भारतीय कंपनीखाली आणून तिचे शेअर मुंबईच्या बाजारात विकायचं ठरवलं. त्यासाठी अंतर्गत फेरमांडणी केली. भारतात काम करणाऱ्या उपकंपन्या आधी जर्सी बेटावरच्या एका धारक कंपनीखाली आल्या. मग त्या जर्सी कंपनीचे शेअर ब्रिटनमधल्या केर्न यूके होल्डिंग्जने नव्या केर्न इंडियाला दिले आणि बदल्यात केर्न इंडियाचे शेअर आणि रोख रक्कम घेतली. डिसेंबर २००६ मध्ये १६० रुपये भावाने आयपीओ आला, जानेवारी २००७ मध्ये शेअरची नोंदणी झाली.

हे लपूनछपून झालेलं नव्हतं. विदेशी गुंतवणूक प्रोत्साहन मंडळासमोर प्रस्ताव गेला होता, मंजुरी मिळाली होती, आयपीओचं माहितीपत्रक जगजाहीर होतं. पूर्वी परदेशात असलेली मालकी भारतीय कंपनीत आणि भारतीय बाजारात येत होती. सात वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, आयकर खात्याची नोटीस आली. मार्च २०१५ मध्ये खात्याने हिशेब मांडला: त्या फेरमांडणीत २४,५०३ कोटींचा भांडवली नफा झाला, त्यावर कर १०,२४७ कोटी.

केर्नकडे भारतात तेव्हाही केर्न इंडियाचे सुमारे १० टक्के शेअर होते. खात्याने ते जप्त केले, पुढे बहुतेक विकून टाकले, लाभांश ताब्यात घेतला, कंपनीला मिळायचा आयकराचा परतावाही वळता केला. व्होडाफोनकडून वसुली जवळजवळ कागदावरच राहिली होती. केर्नकडून ती खरोखर झाली, सुमारे ७,९०० कोटी रुपयांची.

आणखी एक धागा. तोवर केर्न इंडिया वेदांत या खाण समूहाची झाली होती. कर कापला नाही म्हणून केर्न इंडियावर, म्हणजे पर्यायाने वेदांतवर, २०,४९५ कोटींची वेगळी मागणी आली. हे सगळं एकाच व्यवहारासाठी.

यात राजकीय दबाव किती होता?

दबाव होता आणि तो उघड होता. २०१२ च्या वसंतात अमेरिका, ब्रिटन, जपान इथल्या उद्योगसंघटनांनी मनमोहन सिंग यांना पत्र लिहिलं. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न एप्रिलमध्ये दिल्लीला आले तेव्हा त्यांनी प्रणव मुखर्जींपुढे व्होडाफोनचा विषय काढला. स्वतःच्या देशातल्या कंपनीसाठी मंत्री बोलतात, यात नवल नाही. आपले मंत्रीही परदेशात तेच करतात.

पण या दबावाने काय साधलं ते बघा. २०१२ मध्ये काहीही साधलं नाही. कायदा झालाच. उलट परदेशी कंपन्यांपुढे न झुकणारं सरकार ही प्रतिमा त्या वेळी देशात उपयोगी होती. टू-जी घोटाळ्याच्या आरोपांनी सरकार घेरलेलं होतं आणि एका परदेशी टेलिकॉम कंपनीला सूट दिली असं दिसणं कोणालाच परवडणारं नव्हतं. राजकीय प्रभाव म्हटलं की आपण फक्त कंपन्या सरकारवर टाकतात त्या वजनाचा विचार करतो. मतदारांच्या रागाची भीती हाही राजकीय प्रभावच आहे, आणि २०१२ मध्ये तो जास्त भारी पडला.

परकीय मंत्र्यांच्या भेटींनी जे झालं नाही ते शेवटी पॅरिसमधल्या एका न्यायालयाने घडवलं. त्याबद्दल खाली.

राजकीय पक्षांनी स्वतःसाठीही मागच्या तारखेने कायदा बदलला, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि कराच्या चर्चेत ही गोष्ट फारच कमी वेळा सांगितली जाते.

२८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय योगदान नियमन कायदा मोडला. त्या कंपन्यांत स्टरलाइट होती आणि गोव्याची सेसा गोवाही. कंपन्या भारतात नोंदलेल्या होत्या, पण त्यांची मूळ कंपनी लंडनची. म्हणून कायद्याच्या व्याख्येनुसार तो परकीय पैसा ठरला.

यावर काय झालं? २०१६ च्या वित्त कायद्यात परकीय स्रोताची व्याख्याच बदलली आणि तो बदल सप्टेंबर २०१० पासून लागू केला. पण त्या देणग्या त्याहून जुन्या, १९७६ च्या कायद्याच्या काळातल्या होत्या. मग २०१८ च्या वित्त कायद्यात तारीख आणखी मागे नेली, ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. लोकसभेत ते विधेयक चर्चेविना मंजूर झालं.

२०१२ चा बदल कंपनीकडून पैसे घेण्यासाठी होता, २०१६ आणि २०१८ चा पक्षांना वाचवण्यासाठी. हत्यार तेच. वित्त विधेयकात चार ओळी, मागची तारीख, आणि न्यायालयाचा निकाल निष्प्रभ. दोन्ही वेळी मला ते सारखंच चुकीचं वाटतं.

सेसा गोवाचा केर्नशी काय संबंध?

वेदांतने २०११ मध्ये केर्न इंडिया घेतली तेव्हा शेअरचा काही वाटा सेसा गोवामार्फत घेतला गेला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आणि मद्रास उच्च न्यायालयाने मंजुरी दिल्यावर स्टरलाइट सेसा गोवात विलीन झाली. आधी सेसा स्टरलाइट आणि पुढे वेदांत लिमिटेड असं तिचं नाव झालं. २०१७ मध्ये केर्न इंडियाही तिच्यात मिसळली. गोव्यात लोहखनिज काढणारी कंपनी राजस्थानच्या तेलाची मालक झाली ती अशी. बहुराष्ट्रीय समूहाची फेरमांडणी म्हणजे काय, हे याहून स्पष्ट क्वचितच दिसतं.

२०१४ मध्ये सरकार बदललं. भाजपने तर कर-दहशतवादाच्या विरोधात प्रचार केला होता ना?

केला होता. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी सांगितलं की मागच्या तारखेने नवा बोजा टाकणारे बदल हे सरकार सहसा करणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने एक चांगला निर्णयही घेतला: व्होडाफोनच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, शेअरच्या किमतीवरून उठलेल्या ३,२०० कोटींच्या वादात, मुंबई उच्च न्यायालयात हरल्यावर अपील न करण्याचा.

पण २०१२ चा कायदा तसाच ठेवला, आणि चालू प्रकरणं आपापल्या मार्गाने जातील असं म्हटलं. केर्नची १०,२४७ कोटींची मागणी निघाली ती याच काळात. विरोधात असताना ज्यावर टीका केली तो कायदा सत्तेत आल्यावर सात वर्षं चालू ठेवला, कारण तो रद्द केला तर परदेशी कंपनीला हजारो कोटी सोडले असा आरोप झाला असता. आरोपाची ती भीती २०१२ च्या सरकारला होती तशीच पुढच्या सरकारलाही होती.

लवादात भारत का हरला? आणि लवादाला आपल्या कराबद्दल बोलायचा अधिकार काय?

अधिकार आपणच दिलेला होता. नव्वदच्या दशकात गुंतवणूक यावी म्हणून भारताने अनेक देशांशी द्विपक्षीय गुंतवणूक करार केले. ब्रिटनशी १९९४ मध्ये, नेदरलँड्सशी १९९५ मध्ये. गुंतवणूकदाराला न्याय्य आणि समान वागणूक देऊ, असं त्यात वचन होतं. व्होडाफोनने डच कंपनीमार्फत गुंतवणूक केली असल्यामुळे तिला डच कराराचा आधार मिळाला. पुनर्रचना करताना कंपन्या देश निवडतात तो फक्त कराच्या दरासाठी नाही, अशा कराराच्या छत्रीसाठीही निवडतात.

२५ सप्टेंबर २०२० रोजी व्होडाफोनच्या बाजूने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केर्नच्या बाजूने एकमताने निवाडे आले. केर्नला १.२ अब्ज डॉलर, वर व्याज आणि खर्च द्यायचा होता. भारताने दोन्ही निवाड्यांना आव्हान दिलं. केर्नने वसुली सुरू केली. मे २०२१ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या न्यायालयात एअर इंडियावर दावा लावला: ही विमान कंपनी आणि भारत सरकार एकच आहेत, म्हणून तिच्याकडून पैसे मिळावेत. जूनमध्ये पॅरिसच्या न्यायालयाने भारत सरकारच्या मालकीच्या सुमारे वीस मालमत्तांवर टाच आणायला परवानगी दिली. त्यांची किंमत दोन कोटी युरोंहून अधिक होती. ही बातमी जुलैत फुटली आणि ५ ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं.

२०२१ च्या कायद्याने कंपन्यांना सगळं मिळालं का?

मुद्दल मिळालं, व्याज नाही. २८ मे २०१२ पूर्वीच्या अप्रत्यक्ष हस्तांतरावरच्या सगळ्या मागण्या रद्द होतील, घेतलेला कर परत मिळेल, पण कंपनीने सर्व दावे मागे घ्यायचे आणि पुढे कधीही दावा करणार नाही असं लेखी द्यायचं, अशी अट होती. अशी एकूण १७ प्रकरणं होती. प्रत्यक्ष वसूल झालेले सुमारे ८,१०० कोटी रुपये होते, आणि त्यातले ७,९०० कोटी एकट्या केर्नचे. केर्नने तोवर कॅप्रिकॉर्न एनर्जी असं नाव घेतलं होतं. तिला फेब्रुवारी २०२२ मध्ये १.०६ अब्ज डॉलर मिळाले.

म्हणजे कंपन्या धुतल्या तांदळासारख्या होत्या?

नाही. केमनमध्ये एका शेअरची कंपनी ठेवण्याचं कारण तिथली हवा नाही. भारतात कमावलेल्या किमतीवर भारतात कर द्यावा लागू नये, हा अशा रचनांचा एक हेतू असतोच. मॉरिशसशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे तर वर्षानुवर्षं हजारो कोटींचा भांडवली नफा करमुक्त राहिला, आणि एप्रिल २००० मध्ये आपल्याच अर्थखात्याने परिपत्रक काढून मॉरिशसचं निवासी प्रमाणपत्र पुरेसं मानायला सांगितलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक वैध ठरवलं. म्हणजे दार उघडं होतं आणि सरकारने ते जाणूनबुजून उघडं ठेवलेलं होतं, कारण गुंतवणूक हवी होती.

पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जाणाऱ्या माणसाला याचा राग येतो, आणि तो राग रास्त आहे. माझाही तोच राग आहे. पण त्यावर उपाय दार आजपासून बंद करणं हा होता. मॉरिशसच्या बाबतीत तेच केलं: मे २०१६ मध्ये करार बदलला, आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवरच नवा नियम लावला.

इतर देशांत अशा वेळी काय करतात?

फायझरचं उदाहरण बोलकं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये या न्यूयॉर्कच्या औषध कंपनीने डब्लिनच्या अ‍ॅलरगनशी सुमारे १६० अब्ज डॉलरचं विलीनीकरण जाहीर केलं. त्यातून फायझरचा कायदेशीर पत्ता आयर्लंडला जाणार होता, जिथे कंपनीकर १२.५ टक्के होता. अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष होतं आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार या सौद्यावर तुटून पडले होते. ४ एप्रिल २०१६ रोजी अमेरिकी अर्थखात्याने अशा पत्ताबदलाविरुद्ध नवे नियम आणले. दोन दिवसांत फायझरने सौदा मोडला आणि अ‍ॅलरगनला खर्चापोटी १५ कोटी डॉलर दिले.

राजकारण तिथेही पुरेपूर होतं. पण नियम सौदा पूर्ण होण्याच्या आधी आला. कंपनीला हिशेब पुन्हा मांडून मागे फिरता आलं.

कराचा दर कमी केला की पुनर्रचना थांबते का?

थांबत नाही, तिची दिशा बदलते. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी सीतारामन यांनी देशी कंपन्यांचा मूळ करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजाने १.४५ लाख कोटींचा महसूल सोडला, आणि त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंकांहून अधिक वर गेला. परदेशी कंपनीच्या भारतातल्या शाखेचा दर मात्र ४० टक्केच राहिला. तो २०२४ मध्ये ३५ झाला. एवढी तफावत असल्यावर शाखेऐवजी भारतीय उपकंपनीतून धंदा करण्याकडे कल वाढणार, हे उघड आहे.

उलटा प्रवासही सुरू झाला. फोनपेने २०२२ मध्ये आपलं मुख्यालय सिंगापूरहून भारतात आणलं, आणि त्यासाठी तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला.

आज एखादी बहुराष्ट्रीय कंपनी अशी फेरमांडणी करायला निघाली तर?

अप्रत्यक्ष हस्तांतरावरचा कर आजही आहे, फक्त २०१२ नंतरच्या व्यवहारांवर. २०१५ मध्ये त्याच्या मर्यादा ठरल्या: भारतातली मालमत्ता १० कोटींहून जास्त असेल आणि एकूण किमतीच्या निम्मी तरी असेल, तर कर लागतो. छोट्या भागधारकांना आणि समूहांतर्गत काही विलीनीकरणांना अटींसह सूट आहे. २०१७ पासून गार (करटाळणीविरोधी सर्वसाधारण) नियमही लागू आहेत, म्हणजे मुख्यतः कर वाचवण्यासाठी उभी केलेली रचना खातं दुर्लक्षित करू शकतं. खरेदीदार शहाणे झाले आहेत: वॉलमार्टने २०१८ मध्ये सिंगापूरमधल्या कंपनीमार्फत फ्लिपकार्ट घेतली तेव्हा विकणाऱ्यांचा सात हजार कोटींहून अधिक कर कापून भारतात भरला. यावर जागतिक किमान १५ टक्के कराची चौकट आहे, पण जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी अमेरिकी समूहांना तिच्यातून मोठी सवलत द्यायचं ठरवलं. तिथे राजकीय वजन किती चालतं ते दिसलंच.

व्होडाफोनचं पुढे काय झालं?

२०१८ मध्ये तिची भारतातली कंपनी आयडियात विलीन झाली. स्पर्धा, कर्ज आणि एजीआरची (महसुलाच्या प्रमाणात सरकारला द्यायच्या शुल्काची) थकबाकी यांनी कंपनी खचली. सरकारला देणं असलेली रक्कम शेअरमध्ये बदलत गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारचा वाटा ४९ टक्क्यांच्या जवळ पोचला. ज्या व्यवसायाच्या विक्रीवरचा कर वसूल करायला सरकार चौदा वर्षं भांडलं, त्याच्यातला सगळ्यात मोठा भागधारक आज सरकारच आहे.

असं पुन्हा होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि वेगळ्या रूपात होतंही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या सफारी रिट्रीट्स या मॉल बांधणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात जीएसटीच्या इनपुट क्रेडिटचं, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीचं, दार थोडं उघडलं. निकाल कायद्यातल्या एका शब्दावर बेतलेला होता. २०२५ च्या वित्त कायद्याने तो शब्द बदलला, आणि बदल १ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी आला त्या दिवसापासून, लागू केला.

परदेशी कंपन्यांकडे आता लवादाचा तो जुना रस्ताही फारसा उरलेला नाही. भारताने २०१६ नंतर ब्रिटन आणि नेदरलँड्ससकट पन्नासहून अधिक जुने गुंतवणूक करार संपवले, आणि आपल्या नव्या नमुना करारातून कराचा विषय वगळला. देशी कंपन्यांना आणि तुम्हा-आम्हाला तो रस्ता कधीच नव्हता. त्यामुळे दर फेब्रुवारीत वित्त विधेयक आलं की दरांचा तक्ता बघून झाल्यावर एक काम जरूर करा: कोणतं कलम कोणत्या तारखेपासून लागू होणार आहे, ते वाचा. मागची तारीख दिसली तर आपल्या खासदाराला त्याच आठवड्यात विचारा, कारण वित्त विधेयक मंजूर व्हायला फार दिवस लागत नाहीत.